शेतीच्या इतिहासाचे संग्रहालय आखताना पहिली रेघ जमिनीखाली ओढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: शेतीच्या इतिहासाचे एक संग्रहालय तुम्हाला आखायचे आहे. जागा साधारण 4 हेक्टर, मोकळी आणि हलक्या उताराची आहे. इमारत अंकुरलेल्या बियाच्या आकाराची असावी आणि आत एकच वळणदार मार्ग असावा, सुरुवातीला दगडी कुदळ आणि शेवटी ड्रोन, अशी तुमची कल्पना आहे. हा आकार योग्य आहे का, क्षेत्रफळ कसे वाटावे, उजेड आणि हवामान कसे सांभाळावे, हे तुम्ही विचारले आहे. मी बावीस वर्षे संग्रहालयांच्याच इमारती करते आहे आणि त्यांतल्या तीन शेतीच्या होत्या. त्या तिन्हींत झालेल्या चुकांसकट सांगते.

आधी आकाराबद्दल. बियाचा मोह मी समजू शकते, पण तो सोडा. बियाचा आकार विमानातून दिसतो. दारात उभ्या असलेल्या माणसाला दिसते ती एक वाकडी भिंत. त्या वाकड्या भिंतीला सरळ दांड्याचे, चार मीटर लांबीचे अवजार टेकवून पाहा, मागे किती जागा वाया जाते ते लगेच कळेल. बुडापेस्टचे कृषी संग्रहालय वायदाहुन्याद नावाच्या एका किल्ल्यासारख्या वास्तूत आहे. ही वास्तू 1896 च्या प्रदर्शनासाठी आधी तात्पुरत्या साहित्यात उभारली गेली आणि लोकांना आवडली म्हणून पुढे पक्की बांधली. बुरूज आणि कमानी यांचा नांगराशी काय संबंध? काहीच नाही, तरी ते संग्रहालय शंभराहून अधिक वर्षे चालले आहे. इमारत शेतीसारखी दिसली पाहिजे ही अट आपणच आपल्यावर लादून घेतो. इमारतीने शेती समजू द्यावी, एवढेच काम तिच्याकडे मागा.

आणि शेती समजण्यातली खरी अडचण अशी आहे की अवजार मातीपासून तोडले की ते बोलत नाही. जॉन डिअरचेच उदाहरण घ्या. अमेरिकेच्या प्रेअरी नावाच्या गवताळ प्रदेशातली माती इतकी चिकट की पूर्वेकडून आणलेला ओतीव लोखंडाचा नांगर दर काही पावलांनी थांबवून खरवडावा लागे. 1837 साली या लोहाराने करवतीच्या पोलादी पात्यापासून गुळगुळीत नांगर घडवला आणि माती त्यावरून घसरून पडू लागली. आता हा नांगर पांढऱ्या चौथऱ्यावर ठेवा, वर दिवा सोडा, शेजारी वर्ष लिहा. बघणाऱ्याला दिसेल एक वाकलेला पत्रा. त्याच्या शेजारी त्या काळ्या चिकट मातीचा दोन मीटर उंचीचा उभा छेद असला तर मात्र एकही फलक न वाचता दहा वर्षांच्या मुलालाही कळेल की हे पाते असे का आहे.

म्हणून मी कोणत्याही शेती-संग्रहालयाचा आराखडा प्लॅनपासून, म्हणजे वरून दिसणाऱ्या नकाशापासून, सुरू करत नाही; सेक्शनपासून, म्हणजे इमारत आणि जमीन उभी कापल्यावर दिसेल अशा छेदापासून, करते. जमिनीची रेघ कागदाच्या मधोमध ओढायची आणि आधी तिच्या खाली काय आहे ते काढायचे. तुमच्याकडे उतार आहे, ही मोठी संपत्ती आहे. प्रवेशानंतर पाहुण्यांना दीड-पावणेदोन मीटर खाली उतरवा आणि उतरताना बाजूला मातीची भिंत ठेवा. चाकाच्या खुर्चीसाठी 1:12 चा रॅम्प धरला तर 1.8 मीटर उतरायला 21.6 मीटर लांबी लागते, मधले सपाट टप्पे वेगळे. बहुतेक जण ही लांबी अडचण मानून रॅम्प मागच्या कोपऱ्यात दुमडून टाकतात. तुम्ही तो मुख्य दालन करा. बावीस मीटर लांबीची मातीची भिंत, वरच्या थरात मुळे आणि गांडुळांची बिळे, खाली फिकट होत जाणारी माती, मग मुरूम, मग खडक. वेगवेगळ्या प्रदेशांतले छेद शेजारी शेजारी लावता येतात. जमिनीतला उभा थर चिकटद्रव्याने पक्का करून अखंड उचलण्याचे तंत्र जुने आणि भरवशाचे आहे. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन इथल्या मृदा संग्रहालयात जगभरातून आणलेले असे हजारावर छेद आहेत. तिथे जाणे जमले नाही तरी त्यांची छायाचित्रे नक्की पाहा, मातीला इतके रंग असतात यावर विश्वास बसत नाही.

मातीच्या भिंतीचा दुसरा फायदा व्यावहारिक आहे. जमिनीखाली उतरलेल्या भागात तापमान फार हलत नाही, त्यामुळे भांडार तिथेच नेता येते. इंग्लंडमधल्या वील्ड अँड डाउनलंड संग्रहालयात 2002 साली पूर्ण झालेली ग्रिडशेल इमारत यासाठी मन लावून अभ्यासा. वर ओकच्या पातळ पट्ट्या वाकवून विणलेले छत, त्याखाली सुतारकामाची मोठी कार्यशाळा. आणि त्या कार्यशाळेच्या खाली, टेकडीच्या पोटात शिरलेले वस्तुभांडार. लोक फोटो काढतात छताचे. मला विचाराल तर त्या इमारतीतला शहाणपणा खालच्या मजल्यावर आहे.

आता तुमचा एकेरी मार्ग. कुदळीपासून ड्रोनपर्यंतची सरळ रांग नकळत एक खोटी गोष्ट सांगते: शेती एका ठिकाणी सुरू झाली आणि पायरी पायरीने वर चढत गेली. प्रत्यक्षात ती अनेक ठिकाणी, एकमेकांना ठाऊक नसताना सुरू झाली. पश्चिम आशियात दहा हजार वर्षांहून आधी गहू आणि बार्ली, यांगत्से नदीच्या खोऱ्यात भात, मेक्सिकोत टिओसिंटे नावाच्या गवतापासून सुमारे 9000 वर्षांपूर्वी मका, अँडीज पर्वतात बटाटा, आफ्रिकेत ज्वारी. पापुआ न्यू गिनीतल्या कुक इथल्या दलदलीत सुमारे 7000 वर्षांपूर्वी वाफे करून लागवड केल्याच्या खुणा सापडल्या आहेत. अवजारांचेही तसेच. पेरणी यंत्राच्या फलकावर हटकून जेथ्रो टल आणि 1701 हे साल लिहिलेले असते. पण मेसोपोटेमियातल्या प्राचीन मुद्रांवर बी सोडायची नळी लावलेला नांगर स्पष्ट कोरलेला आहे, आणि चीनमध्ये हान काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, अनेक नळ्यांची पाभर वापरात होती. टलचे काम मोठेच आहे, पण त्याला रांगेत पहिला उभा करणारी इमारत चुकीची आहे.

याचे उत्तर प्लॅनमध्येच द्यावे लागते, फलकावर दुरुस्ती लिहून भागत नाही. मी शेवटच्या प्रकल्पात असे केले: पाच लहान दालने, प्रत्येकाला स्वतःचे दार, आणि पाचही दारे एका मोठ्या सामाईक दालनात उघडणारी. लहान दालनांत त्या त्या भूभागातल्या शेतीची सुरुवात. मोठ्या दालनात कामे: नांगरणी, पेरणी, पाणी देणे, कापणी, मळणी, साठवण. प्रत्येक कामाभोवती वेगवेगळ्या काळांतली आणि देशांतली अवजारे एकत्र. विळ्याशेजारी 1831 चे मॅकॉर्मिकचे कापणी यंत्र उभे राहिले की माणूस आपोआप दोन्हीकडे आळीपाळीने बघतो आणि त्याचा हात त्या विळ्याची हालचाल करू लागतो. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, अनेकदा.

यानंतर वजन आणि दारे. संग्रहालयाच्या दालनाची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला 400 ते 500 किलो भार धरून आखतात. चित्रांसाठी हे भरपूर आहे. पण जॉन फाउलरच्या पद्धतीचे वाफेवर चालणारे नांगरणीचे इंजिन 15 टनांच्या घरात जाते आणि तो सगळा भार चार लोखंडी चाकांच्या अरुंद पट्ट्यांवर येतो. (ही इंजिने इतकी जड होती म्हणूनच ती शेतात शिरत नसत. दोन बांधांवर दोन इंजिने उभी करून मधला नांगर तारेच्या दोराने इकडून तिकडे ओढत. हे सांगण्यासाठी इंजिनापेक्षा त्यांच्यामधले अंतर दाखवावे लागते, आणि ते अंतर इमारतीत मावत नाही. बाहेरच्या शेताच्या दोन टोकांना दोन इंजिने छपराखाली ठेवा आणि मधून तार ताणा.) जड यंत्रे नेहमी जमिनीला टेकलेल्या स्लॅबवर ठेवा, वरच्या मजल्यावर कधीही नको. आणि संग्रहात आज काय आहे ते पाहून दार ठरवू नका. पहिल्या प्रकल्पात आम्ही 3.6 मीटर उंचीचे दार केले, कारण यादीतली सर्वांत उंच वस्तू 3.3 मीटर होती. उद्‌घाटनानंतर दीड वर्षात एक जुने मळणी यंत्र भेट म्हणून आले; त्याची चिमणी, कठडे सगळे उतरवूनही ते आत जाईना. ते दोन पावसाळे ताडपत्रीखाली बाहेर राहिले आणि त्याच्या लाकडी चौकटीची जी हानी झाली ती भरून निघाली नाही. तेव्हापासून मी 5 मीटर रुंद, 5 मीटर उंच दार आणि त्याच्यासमोर लांब ट्रेलरला वळता येईल एवढे अंगण, यापेक्षा कमी काही मान्य करत नाही.

त्या दारातून वस्तू थेट दालनात येता कामा नये. हे मी सर्वांत जोर देऊन सांगते आहे, कारण इथे चूक झाली तर पूर्ण संग्रह जातो. शेतीची वस्तू म्हणजे गोठ्यातून, कोठारातून, माळ्यावरून आलेली वस्तू. जुवाच्या लाकडात भुंगेऱ्याच्या अळ्या असतात, कणगीच्या विणीत धान्यातले किडे, चामड्याच्या सामानात कसर. माझ्या दुसऱ्या प्रकल्पात एक सुंदर कणगी तातडीने, कार्यक्रमासाठी म्हणून, तपासणी न करता दालनात ठेवली गेली. आठ महिन्यांनी शेजारच्या तीन लाकडी नांगरांखाली पिठासारखा भुसा दिसला. तेव्हा आराखड्यात क्रम असा ठेवा: उतरवण्याचे छप्पर, मग बंद दाराची विलगीकरण खोली, मग सफाई आणि दुरुस्तीची खोली, आणि त्यानंतरच भांडार. विलगीकरण खोलीची हवा बाकीच्या इमारतीत फिरता कामा नये. तिथे मोठा फ्रीझर हवा. वस्तू प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे 30 अंशांवर तीन दिवस किंवा उणे 20 अंशांवर दोन आठवडे ठेवली की बहुतेक कीड मरते. फ्रीझरमध्ये नांगराचा दांडा मावतो का ते आधी मोजा. जुन्या वस्तूंवर पूर्वी मारलेल्या डीडीटीचे किंवा आर्सेनिकचे थरही असू शकतात, म्हणून सफाईच्या खोलीत हवा बाहेर ओढणारी स्वतंत्र व्यवस्था लागते. आणि दालनात जिवंत रोपांच्या कुंड्या ठेवायची कल्पना असेल तर ती सोडा: ओल, माती आणि कीड तिन्ही एका झटक्यात आत येतात. रोपे बाहेर, शेतात.

हवामानाच्या बाबतीत शेतीच्या वस्तू त्रास देतात, कारण एकाच वस्तूत लाकूड, लोखंड, चामडे आणि दोर असतात. लाकडाला 45 ते 55 टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. त्याच लाकडाला ठोकलेला फाळ 40 च्या खाली सुखी असतो, आणि त्याला खताचे क्षार चिकटलेले असले तर गंज थांबतच नाही. दोघांचे पूर्ण समाधान होत नाही. मी लाकडाच्या बाजूने, 45 ते 50 च्या आसपास, स्थिर हवा धरते आणि लोखंडाला साफ करून मेणाचा पातळ थर देते. आकडा नेमका गाठण्यापेक्षा तो दिवसभरात वरखाली न होणे महत्त्वाचे. त्यासाठी जाड भिंती, मातीत शिरलेले भांडार आणि दुहेरी दारे यंत्रांपेक्षा जास्त काम करतात, आणि वीज गेली तरी करत राहतात.

दारांवरून आठवले. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरचे जागतिक बियाणे भांडार 2008 साली सुरू झाले, गोठलेल्या डोंगरात, आत उणे 18 अंश. 2016 च्या शरद ऋतूत वितळलेले पाणी प्रवेशाच्या बोगद्यात शिरले. बियाणे सुरक्षित राहिले, पण इतक्या काळजीने बांधलेल्या वास्तूतही पाणी आले ते उंबऱ्यातूनच. तुमच्या संग्रहालयाचा निम्मा भाग जमिनीखाली जाणार आहे, तेव्हा पाण्याचा निचरा हा रचनेचा भाग समजून पहिल्या दिवसापासून काढा. रॅम्पच्या तोंडाशी उलटा उतार आणि रुंद आडवी गटार, मातीच्या भिंतीमागे खडीचा थर, आणि भांडाराच्या वरून एकही पाण्याचा नळ जाणार नाही.

उजेडाबद्दल थोडक्यात: कापड, रंगवलेले लाकूड, कागद यांना 50 लक्सपेक्षा जास्त नको, लोखंडाला उजेडाने काही होत नाही. म्हणून या दोन जाती वेगळ्या ठेवता आल्या तर लोखंडी यंत्रांच्या दालनाला वरून भरपूर दिवसाचा प्रकाश देता येतो. हाताच्या अवजारांना मात्र समोरून झोत टाकू नका. बाजूने, तिरका, खालच्या कोनातून उजेड टाका. मुठीवर पिढ्यान्‌पिढ्या घासून पडलेला खळगा, खुरप्याची एका बाजूने झिजलेली धार, मळणीच्या फळीखाली ठोकलेल्या गारगोट्यांची चमक, हे सगळे तिरक्या उजेडातच दिसते. ज्या माणसाने ते अवजार वापरले त्याचे नाव कुठेही लिहिलेले नसते. ती झीज ही त्याची एकमेव सही आहे, ती वाचता आलीच पाहिजे.

शेत हवेच. ते शोभेची बाग म्हणून आखू नका, दालनाइतक्याच काटेकोरपणे आखा. नॉरफोकची चार पिकांची फेरपालट, म्हणजे गहू, टर्निप, बार्ली, क्लोव्हर, दाखवायची तर चार सारखे तुकडे लागतात, नाहीतर पाहुण्याला फेरपालट समजण्यासाठी चार वर्षे यावे लागेल. स्कॉटलंडमधल्या किटोखसाइड इथले ग्रामीण जीवनाचे संग्रहालय 2001 साली सुरू झाले. तिथे नव्या इमारतीपासून दूर एक जुने शेत 1950 च्या दशकातल्या पद्धतीने अजून चालवले जाते आणि लोकांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तिथे नेतात. मधले ते अंतर मला फार योग्य वाटते. प्रात्यक्षिकाचे छप्परही असेच दूर हवे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. मळणी आणि उफणणी म्हणजे धूळ, आणि धान्याची बारीक धूळ बंद जागेत स्फोटक असते. मिनियापोलिसची वॉशबर्न ए गिरणी 1878 साली पिठाच्या धुळीच्या स्फोटाने उडाली आणि 18 माणसे गेली. ती पुन्हा बांधली, 1991 साली जळली, आणि 2003 पासून तिच्याच भग्न भिंतींत गिरणीचे संग्रहालय आहे. जुन्या भिंती पाडून नवे काही उभारले असते तर ती गोष्ट सांगायला काहीच उरले नसते. तुमच्या जागेवर एखादे पडके कोठार किंवा जुनी विहीर असेल तर पाडण्यापूर्वी दहादा विचार करा.

तुमच्या यादीत मला एक खोली दिसली नाही. शेतीच्या इतिहासात दुष्काळ आहेत, गुलामांनी कसलेले मळे आहेत, हिरावून घेतलेल्या जमिनी आहेत. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्यावर करपा आला. बहुतेक गरीब लोक लंपर या एकाच वाणावर जगत होते. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात, जगभरचे बियाणे जमवणारे रशियन शास्त्रज्ञ व्हाव्हिलोव्ह यांच्या संस्थेतले शास्त्रज्ञ धान्याच्या नमुन्यांच्या राशींजवळ उपाशी मेले, पण त्यांनी ते बियाणे खाल्ले नाही. स्वतः व्हाव्हिलोव्ह 1943 साली तुरुंगात वारले. हे सगळे मोठ्या दालनाच्या एखाद्या खांबावर फलक लावून सांगू नये. याला भिंतींनी वेढलेली, आवाज शोषणारी, बसायला बाक असलेली खोली द्या. आत वस्तू थोड्याच असाव्यात. तिचे दुसरे दार थेट शेतात उघडावे, म्हणजे बाहेर पडणाऱ्याला लगेच पुढच्या दालनातल्या गर्दीत शिरावे लागत नाही.

क्षेत्रफळाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. माझा स्वतःचा हिशेब असा: प्रदर्शनाला जितकी जागा, निदान तितकीच भांडार, विलगीकरण आणि कार्यशाळेला मिळून. कार्यशाळेत लोहार आणि सुतार खरोखर काम करतील अशी भट्टी आणि बाक हवेत, कारण मुलांच्या हातात द्यायच्या प्रतिकृती तिथेच घडणार आणि तुटल्या की तिथेच दुरुस्त होणार. भांडाराचा एक भाग काचेतून दिसता ठेवा. प्रवेशाशी हातपाय धुण्याची जागा आणि निदान 6 मीटर लांबीचे पायपुसणे ठेवा, कारण लोक शेतातून चिखल घेऊनच आत येणार.

आणि बांधकाम सुरू होण्यापूर्वीचे एक काम, जे मी माझ्या पहिल्या दोन्ही प्रकल्पांत विसरले. खोदाईची यंत्रे आली की सर्वांत आधी वरची सुपीक माती खरवडून मुरमात मिसळून टाकतात आणि ज्या तुकड्यात पुढे शेत करायचे त्यावरूनच ट्रक फिरवतात. दबलेली जमीन सैल व्हायला वर्षे जातात. आमच्या दुसऱ्या संग्रहालयाच्या प्रात्यक्षिकाच्या शेतात पहिले तीन हंगाम गहू गुडघ्याच्या वर गेला नाही. म्हणून नकाशावर आजच दोन गोष्टी काढा: भावी शेताभोवती पक्के कुंपण, ज्याच्या आत एकही चाक जाणार नाही, आणि इमारतीखालून निघणारी वरची 20-30 सेंटिमीटर माती वेगळी रचण्याची जागा, ढीग 2 मीटरपेक्षा उंच न करता, वर गवत किंवा शेंगावर्गीय पीक पेरून. मातीची भिंत करण्यासाठी लागणारा तुमच्या स्वतःच्या जमिनीचा छेदही त्याच आठवड्यात, पाया खणताना, काढून घ्या. नंतर तो मिळणार नाही.